पोर्ट ऑफ स्पेनचा फोटो: जुन्या फोटोंचं ऑनलाइन दुकान, साठ पटीचं भिंग आणि स्टिरिओस्कोप, माझा अनुभव

मागवल्या तीन वस्तू, आल्याही तीनच, पण त्यातली एक सांगितली होती ती नव्हतीच. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण जुने फोटो विकणाऱ्या बऱ्याच ऑनलाइन दुकानांत हाच प्रकार चालतो आणि मला कुणाला बदनाम करायचं नाहीये, घेणाऱ्यानं काय बघून घ्यावं ते कळलं म्हणजे झालं. कॅरिबियनचे जुने फोटो, म्हणजे जमैका, त्रिनिदाद, मार्टिनिक, सुरिनाम वगैरे, विकत घ्यायचे असतील किंवा फुकटात नुसते बघायचे असतील तरी वाचा, थोडं लांबलंय.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगते. मी टोरांटोजवळ राहते, कामावरची माझी मैत्रीण त्रिनिदादची. तिचे पूर्वज बिहारकडचे, कलकत्त्याच्या बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, उसाच्या मळ्यात कामाला गेलेले. तिच्या तोंडून पहिल्यांदा 'माय आजी' ऐकलं तेव्हा मी हातातलं काम सोडून तिच्याकडे बघतच राहिले, चार पिढ्या इंग्रजी बोलणारं घर आणि शब्द आपला, फक्त त्यांच्याकडे आजी म्हणजे वडिलांचीच आई, आईची आई ती नानी. त्रिनिदादला हिंदुस्थानी मजुरांचं पहिलं जहाज, फातेल रझाक, ३० मे १८४५ला लागलं आणि १९१७ला हे सगळं थांबेपर्यंत साधारण १ लाख ४४ हजार माणसं तिथे उतरली. त्या प्रत्येकाची नोंद झालीय, नाव, बापाचं नाव, गाव, जात, वय, अंगावरची खूण, जहाज, सगळं. मैत्रिणीकडे तिच्या आजीच्या आजीच्या अशा नोंदीची प्रत आहे. फोटो मात्र नाही. आणि दुसरीकडे त्याच काळातले त्रिनिदादच्या हिंदुस्थानी बायकांचे ढीगभर स्टुडिओ फोटो जगभर विकले जातात, त्यावर एकाही बाईचं नाव नाही, खाली नुसतं 'कुली वूमन, त्रिनिदाद', कुली हा तेव्हा हिंदुस्थानी मजुरांसाठी हिणवून वापरला जाणारा शब्द. हे मला फार लागलं. आपली मराठी माणसं मॉरिशसला गेली तिथे १८६०च्या दशकापासून मजुरांच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला लागले होते, त्यामुळे तिथे काही जणांचं नाव आणि चेहरा एकत्र तरी सापडतो. त्रिनिदादला तसं नाही, तिथे जे काही हाती लागतं ते फोटोग्राफरच्या मागून जाऊन. कुणी काढला, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पद्धतीनं, कशावर छापला, यावरून निदान दशक कळतं, कधीकधी रस्ता कळतो.

तर मी त्या दुकानातून घेतलं: एक त्रिनिदादच्या हिंदुस्थानी बाईचा फोटो, 'सुमारे १८७०, मूळ अल्ब्युमेन प्रिंट, फेलिक्स मोरँ' असं लिहिलेला, ४८ डॉलर (अल्ब्युमेन म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा जुना फोटो, मोरँ हा फोटोग्राफर, दोन्हीबद्दल पुढे सांगते). एक जमैकाचं कॅबिनेट कार्ड, म्हणजे मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, ३० डॉलर. आणि एक मार्टिनिकचं स्टिरिओ कार्ड, म्हणजे जवळजवळ सारखे दोन फोटो शेजारी शेजारी असलेलं, १४ डॉलर. बरोबर दुसरीकडून एक साठ पटीचं दिव्यावालं भिंग आणि एक नव्यानं बनवलेला लाकडी स्टिरिओस्कोप, ती स्टिरिओ कार्डं बघायला.

पॅकिंग उत्तम होतं हे आधी सांगते, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये, कोपरे वेगळे बांधलेले, पाऊस लागला तरी आत पाणी गेलं नसतं. आठ दिवसांत आलं. पण उघडल्या उघडल्या दिसलं की तिन्ही कार्डांच्या पाठीवर किमतीचं चिकट लेबल थेट लावलंय. जुन्या फोटोच्या पाठीवर असं करायचंच नसतं हो, तो डिंक कागदात मुरतो, आणि फोटोग्राफरचा शिक्का असतो तो पाठीवरच. मी ती लेबलं ओढून काढलेली नाहीत, कुणी काढू पण नका, वरचा थर घेऊन निघतात.

आता त्रिनिदादचा फोटो. समोरून सुंदर आहे. बाई स्टुडिओत बसलीय, डोक्यावर ओढणी, गळ्यात जाड हसळी, तिच्याखाली नाण्यांची माळ, दंडात बाजूबंद, मनगटापासून वर चांदीच्या बांगड्याच बांगड्या, नाकात फुली. नजर थेट कॅमेऱ्याकडे, हसू नाही. मी अर्धा तास नुसती बघत बसले. मग भिंग लावलं आणि गालावर ठिपके दिसले. म्हणजे अगदी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, रांगेत, सारख्या अंतरावर, अंधार असेल तिथे मोठे आणि उजेड असेल तिथे बारीक. हे ठिपके दिसले की विषय संपला, ते छापखान्यातलं छापील चित्र आहे, फोटोच्या कागदावर उतरवलेला फोटो नाही. मागे उलटून बघितलं तर लेबलच्या खालून मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. पोस्टकार्ड! आणि अशी मधे रेघ असलेली पोस्टकार्डं ब्रिटनमध्ये चालू झाली १९०२ला, फ्रान्स आणि अमेरिकेत त्याच्याही नंतर, त्याआधी एक अख्खी बाजू फक्त पत्त्याला असायची आणि मजकूर चित्राच्या कडेला जागा मिळेल तिथे कोंबायचा. म्हणजे हे कार्ड १८७०चं असूच शकत नाही.

बरं यात एक गोष्ट दुकानदाराच्या बाजूनं पण सांगायला हवी. फोटो मूळचा जुना असू शकतो. फेलिक्स मोरँ हा फ्रेंच माणूस, १८७० आणि ८०च्या दशकांत त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला, त्याचा स्टुडिओ होता आणि दागिने घातलेल्या हिंदुस्थानी बायकांचे असे फोटो काढण्यासाठी तो आज सगळ्यात जास्त ओळखला जातो. स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह वर्षानुवर्षं टिकायच्या, विकल्या जायच्या, आणि पुढे पोस्टकार्डांची लाट आली तेव्हा वीस-तीस वर्षं जुन्या फोटोंवरून पण कार्डं छापली गेली. म्हणून फोटो काढल्याची तारीख आणि कार्ड छापल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी, आणि विकणाऱ्यानं दोन्ही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर तिसाव्या छापील प्रतीला पहिल्या प्रतीची किंमत लागते. शिवाय 'मोरँ' हे कशावरून ठरवलं ते मी विचारलं तर उत्तर आलं की असे फोटो त्याचेच असतात. असं नसतं ना. कार्डावर नाव नाही, शिक्का नाही, तर 'बहुतेक' तरी लिहा.

मग खरा अल्ब्युमेन प्रिंट कसा असतो ते सांगते, कारण घेताना हेच कामाला येतं. पातळ कागदाला अंड्यातल्या पांढऱ्याचा हात द्यायचा, वर चांदीचं मिश्रण, आणि काचेची निगेटिव्ह वर ठेवून उन्हात धरायचं. १८५०पासून १८९०पर्यंत जगातले बहुतेक कागदी फोटो असेच. कागद इतका पातळ की नुसता ठेवला तर गुंडाळला जातो, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलाच असतो, त्यामुळे कडेनं नीट बघितलं तर कागदाची वेगळी कड नखाला लागते. भिंगाखाली ठिपके नाहीत, सलग छटा, आतून कागदाचे धागे दिसतात, आणि वरच्या थराला कोरड्या पडलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या अगदी बारीक भेगा. रंग तपकिरी, उजेडाच्या जागा पिवळट झालेल्या. पोस्टकार्डावर यातलं एकही नाही.

हाच प्रिंट छोट्या कार्डावर लावला की कार्त द व्हिझित, साधारण अडीच बाय चार इंच, पॅरिसच्या दिस्देरीनं १८५४ला पेटंट घेतलेला प्रकार, एकाच काचेवर आठ फोटो काढायचे, कापायचे, स्वस्त पडतं, वाटायला बरं. १८६०च्या दशकात सगळीकडे त्याचंच वेड होतं. मग १८६६च्या सुमारास मोठं कॅबिनेट कार्ड आलं, सव्वाचार बाय साडेसहा. माप घेतलं की अर्धं काम होतं, पट्टी जवळ ठेवा. विकणाऱ्यानं माप दिलं नसेल तर आधी मागून घ्या, पाठीचा फोटो पण मागा. माझी चूक तीच झाली, जाहिरातीत फक्त समोरची बाजू होती आणि मी विचारलं नाही.

जमैकाचं कॅबिनेट कार्ड मात्र अस्सल, आणि त्यासाठी मी त्या दुकानाचं मनापासून कौतुक करते, किंमतही वाजवी. मागे शिक्का: ए. ड्युपर्ली अँड सन्स, किंग्स्टन. हे घराणं म्हणजे जमैकाच्या फोटोग्राफीचा कणाच. ॲडॉल्फ ड्युपर्ली १८०१ला पॅरिसमध्ये जन्मला, हैतीमार्गे जमैकात आला, मूळचा चित्रं छापणारा. १८३१च्या नाताळात सॅम शार्पच्या पुढारपणाखाली गुलामांनी उठाव केला, मळे पेटले, त्यातल्या रोहॅम्प्टन मळ्याच्या आगीचं शिळाछापातलं चित्र ड्युपर्लीचंच, १८३३चं. मग डॅगेरोटाइप आला, पत्र्यावर फोटो काढायची पद्धत. ऑगस्ट १८३९ला पॅरिसमध्ये ही पद्धत सगळ्यांसाठी खुली झाली आणि दीड वर्षाच्या आत, ३ जानेवारी १८४१ला, क्युबातल्या हवानात जॉर्ज वॉशिंग्टन हॅल्सी नावाच्या अमेरिकन माणसानं स्टुडिओ उघडला सुद्धा, इतक्या झपाट्यानं हे त्या बेटांवर पोचलं, गोऱ्यांची जहाजं साखरेसाठी सतत जा-ये करत होतीच.

डॅगेरोटाइप म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा आरसा आणि त्या आरशावरच फोटो. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही, एकच एक. म्हणून ड्युपर्लीनं १८४०च्या दशकात जमैकाच्या रस्त्यांचे, बाजारांचे, चर्चचे डॅगेरोटाइप घेतले ते पॅरिसला पाठवून दगडावर चितारून छापून घ्यावे लागले, 'डॅगेरियन एक्स्कर्शन्स इन जमैका' या नावानं. मला यात एक गोष्ट फार विलक्षण वाटते. त्या काळात पत्र्यावर उजेड बराच वेळ पडू द्यावा लागायचा, चालणारी माणसं उमटायचीच नाहीत किंवा धुरासारखी पुसट यायची, आणि त्या छापील चित्रांत मात्र रस्ते माणसांनी भरलेले आहेत. ती माणसं नंतर हातानं घातलेली. म्हणजे इमारत कॅमेऱ्यानं बघितलेली आणि माणूस कल्पनेतला. १८३८ला तिथले गुलाम पूर्ण मोकळे झाले, त्यानंतर अवघ्या काही वर्षांतली ही चित्रं, आणि नेमकी ती माणसंच त्यात खरी नाहीत. म्हणूनच त्यानंतर चाळीसएक वर्षांनी त्याच घराण्याच्या स्टुडिओत एक काळी बाई स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या कपड्यांत येऊन उभी राहते तो फोटो मला जास्त मोलाचा वाटतो.

माझ्या कार्डावर तशीच एक बाई आहे. तिशीची असेल. गळ्यापर्यंत बटणांचा गडद झगा, एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेला पडदा, त्यावर खोटा कठडा आणि झाडं. भिंगातून बघितलं तर बाहीला कोपराजवळ अगदी नीट घातलेला रफूचा टाका दिसतो, कापडाच्या विणीला समांतर, सहज दिसणार नाही असा. साठ पटीला तो टाका बघताना माझ्या अंगावर काटा आला. आणि कार्डाच्या मागे पेन्सिलीनं तीन वेळा किंमत लिहून खोडलीय, तीन वेगळ्या हस्ताक्षरांत, तीन विकणाऱ्यांची. नाव एकदाही नाही.

शिक्क्यावरून तारीख कशी काढायची तर दुकानाचं नाव बदलत जातं त्यावरून. आधी एकटा बाप, मग मुलं मोठी झाली की 'सन्स', पत्ता बदलतो, एखाद्या प्रदर्शनात पदक मिळालं की पुढच्या छपाईत शिक्क्यावर ते येतं. ती बदलाची वर्षं सापडतात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत. किंग्स्टनचा ग्लीनर १८३४पासून चालू आहे, पोर्ट ऑफ स्पेन गॅझेट त्याच्याही आधीचा, १८२५चा. फोटोग्राफर गावात आला की जाहिरात द्यायचाच, अमुक बोटीनं आलोय, इतके दिवस आहे, इतके पैसे. फिरते फोटोग्राफर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे त्यांचा मागही याच जाहिरातींवरून लागतो. एक सूचना, जुन्या स्कॅन केलेल्या पेपरांत शब्द टाकून शोधलं की कुठल्याही साइटवर गडबड होते, पुसट छपाईमुळे अक्षरं चुकीची वाचली जातात, नाव तीन-चार चुकीच्या स्पेलिंगनं पण टाकून बघा.

त्या हवेत हे काम किती अवघड होतं ते पण लक्षात घ्या, मला हे कळल्यापासून प्रत्येक फोटोबद्दल आदर वाढलाय. ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर चिकट कलोडियन ओतायचं, चांदीच्या पाण्यात बुडवायचं, ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच अंधारात धुवायचं, सगळं दहा-पंधरा मिनिटांत, आणि उष्ण हवेत तर ते त्याहून लवकर वाळणार. मळ्यावर जायचं तर अंधाऱ्या खोलीचा तंबू, बाटल्या, पाणी, सगळं खेचरावर लादून. पुढे १८८०च्या दशकात तयार कोरड्या जिलेटिनच्या काचा आल्या, घाई गेली, पण नळाचं पाणीच कोमट, त्यात जिलेटिन फुगून काचेच्या कडेनं सुटायचं, झालरीसारखं. एखाद्या जुन्या फोटोच्या कडेला अशी लाटेसारखी सुरकुती दिसली तर तो बहुतेक तिथल्या उष्णतेचाच पुरावा.

आणि हे फोटो काढायला पैसा कुठून यायचा हे पण बघायला लागतं, कारण त्यावरून समोर काय दिसतं ते ठरतं. घरचं गिऱ्हाईक पैसे देतं तेव्हा ते नटून येतं, नाव वहीत लिहिलं जातं. परक्याला विकायचं असतं तेव्हा बाई 'कुली वूमन' होते, फळं विकणारी 'नेटिव्ह' होते. १८९१ला किंग्स्टनला मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, त्याच वर्षी स्कॉटलंडच्या डंडीची व्हॅलेंटाइन कंपनी जमैकाचे फोटो घ्यायला आली, उद्देश पर्यटक आणि भांडवल खेचून आणायचं. ब्राउन्स टाउनचे डॉक्टर जेम्स जॉन्स्टन, मिशनरी, स्वतः फोटो काढून काचेच्या स्लाइड बनवून त्यावर बाहेर व्याख्यानं द्यायचे, जमैकाला या म्हणून. बहामात नॅसोला जेकब कूनली होता, अमेरिकन यादवी युद्धात फोटोग्राफी केलेला माणूस, त्याचा स्टुडिओ पुढे जेम्स सँड्सकडे गेला. या फोटोंत रस्ते झाडलेले, माणसं शिस्तीत, नारळ सरळ. सुंदर आहेत, पण बघताना हे डोक्यात ठेवा.

आता स्टिरिओस्कोप. हा घ्याच. ३५ डॉलरला मिळाला, १८६१ला ऑलिव्हर वेंडेल होम्सनं जी साधी रचना केली तीच, डोळ्यांना दोन भिंगं, खाली दांडी, दांडीवर पुढेमागे सरकणारी आडवी पट्टी, त्यात कार्ड अडकवायचं, कार्डावर जवळजवळ सारखे दोन फोटो, डाव्या डोळ्याचा आणि उजव्या डोळ्याचा. लाकूड हलकं आहे, एक स्क्रू ढिला आला, तो घरी आवळला. भिंगं प्लास्टिकची असल्यामुळे कडेला थोडं धूसर, चष्मा असेल तर नाकाजवळ अडचण होते, मी चष्मा काढून पट्टी सरकवून जमवते. स्टिरिओ कार्डं वाकडी असतात ती खराब झालेली नसतात, मुद्दाम तशी बाक देऊन बनवलेली असतात, कृपया पुस्तकाखाली दाबून सरळ करायला जाऊ नका, मधोमध तडकतात.

माझं कार्ड आहे सँ-पिएरचं. मार्टिनिकचं हे शहर, कॅरिबियनचं पॅरिस म्हणायचे, ८ मे १९०२च्या सकाळी पेले ज्वालामुखीनं काही मिनिटांत संपवलं, साधारण २८ ते ३० हजार माणसं गेली. त्यानंतर लगेच अमेरिकन स्टिरिओ कंपन्यांचे फोटोग्राफर बोटीनं पोचले, अंडरवुड अँड अंडरवुड, कीस्टोन वगैरे, आणि ती कार्डं घरोघर विकली गेली. नुसत्या डोळ्यांनी माझं कार्ड म्हणजे राखाडी दगडांचा ढीग. स्टिरिओस्कोपमध्ये घातलं आणि एका क्षणाला दोन चित्रं जुळली, रस्ता आत गेला, एकामागे एक भिंती उभ्या राहिल्या, छप्पर एकालाही नाही, खिडक्यांच्या चौकटींतून पलीकडच्या खिडक्या दिसतात, आणि अगदी आत, भिंतींच्या मध्ये, एक माणूस टोपी घालून उभा आहे. सपाट चित्रात तो मला दगडाचा तुकडाच वाटला होता. नवऱ्याला बोलावलं, त्यालाही आधी दिसला नाही, मग 'अरे!' म्हणाला.

कार्डावर कंपनीचं नाव असतं पण फोटो कुणी काढला ते बहुतेक वेळा नसतं, आणि कंपन्या एकमेकांच्या निगेटिव्ह विकत घ्यायच्या, पुढे अंडरवुडचा साठा कीस्टोनकडेच गेला, म्हणून कार्डावरच्या नावावरून फोटोग्राफर ठरवायला जाऊ नका. दुकानानं या कार्डाची माहिती बरोबर दिली होती.

पोस्टकार्डाबद्दल तक्रार केली त्याचं काय झालं: पहिलं उत्तर तीन दिवसांनी, 'जुनंच आहे ना'. मी भिंगातून घेतलेला ठिपक्यांचा फोटो आणि पाठीच्या रेघेचा फोटो पाठवला. मग परत घ्यायला तयार झाले पण टपालखर्च माझा. शेवटी ३० डॉलर परत दिले आणि कार्ड माझ्याकडे राहू दिलं. म्हणजे मला ते १८ला पडलं, पोस्टकार्ड म्हणून ते योग्य आहे. जाहिरातीतलं 'मूळ अल्ब्युमेन' मात्र दोन आठवड्यांनी बघितलं तर दुसऱ्या एका पोस्टकार्डाखाली तसंच होतं. म्हणून दुकानाला पाचपैकी तीन, पॅकिंग आणि ड्युपर्लीच्या कार्डासाठी.

विकत घ्यायचं नसेल तर फुकट बघायला पुष्कळ आहे आणि मी तर म्हणेन आधी तेच दोन-तीन महिने बघा, डोळा तयार होतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा डिजिटल संग्रह स्टिरिओ कार्डांसाठी उत्तम, कॉपीराइट संपलेलं सगळं मोठ्या साइझमध्ये उतरवून घेता येतं. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये कलोनियल ऑफिसच्या, म्हणजे वसाहतींचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या, फोटोंचा मोठा गठ्ठा आहे, त्यातले कॅरिबियनचे त्यांनी ऑनलाइन टाकलेत. डिजिटल लायब्ररी ऑफ द कॅरिबियन जुन्या वर्तमानपत्रांसाठी, जाहिराती शोधायला मी तिथेच जाते. टोरांटोत असाल तर आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओनं २०१९ला मॉन्टगोमेरी संग्रह घेतला, साडेतीन हजारांच्या वर कॅरिबियन फोटो, १८४० ते १९४०, आणि त्यासाठीचे पैसे २७ देणगीदारांनी जमवले, त्यातले बहुतेक इथल्या काळ्या आणि कॅरिबियन समाजातले. आपल्या माणसांचे फोटो आपण वर्गणी काढून सोडवून आणायचे, मला हे फार मोठं वाटतं.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची साइट वेगळी सांगते कारण तिथे एक फोटो आहे तो बघाच. सुरिनामचा, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीचा, सगळ्यात जुना माहीत असलेला फोटो, १८४६च्या सुमाराचा डॅगेरोटाइप, योहानेस एलिस आणि मारिया लुईसा द हार्ट हे जोडपं. त्याचा बाप आफ्रिकेतल्या एल्मिनाचा डच गव्हर्नर, तिचा बाप मळेवाला ज्यू, दोघंही मिश्र रक्ताची, आणि सुरिनाममध्ये गुलामी बंद व्हायला अजून सतरा वर्षं होती, १ जुलै १८६३. त्यांचा मुलगा पुढे नेदरलँड्सचा नौदलमंत्री झाला. झूम करत करत जा, आणि हे सगळं आपल्याला सांगता येतंय ते फोटोबरोबर दोघांची नावं टिकली म्हणून हे लक्षात येईल. त्याच देशातली ऑगस्टा क्युरिएल पण शोधा, १८७३ ते १९३७, बहीण ॲनाच्या मदतीनं अख्ख्या सुरिनामभर जड काचा घेऊन फिरलेली बाई.

शोधताना एक कडू गोष्ट करावी लागते, 'कुली' हा शब्द टाकल्याशिवाय आपल्या लोकांचे निम्मे फोटो समोर येत नाहीत, कारण जुन्या नोंदी त्याच शब्दानं केलेल्या. मी टाकते, पण प्रत्येक वेळी जीव वर होतो.

पोस्टकार्ड मैत्रिणीला दिलं. ती ते रविवारी आईकडे घेऊन गेली, मीही गेले. आई ऐंशीच्या पुढच्या, भोजपुरी आता त्यांना बोलता येत नाही म्हणतात, पण मी भिंग हातात दिलं आणि त्या एकेका दागिन्यावर बोट ठेवत गेल्या. हसुली. बेरा. चुरिया. नकफूल. बाजूबंद. मळ्यावर पगार व्हायचा त्यातली चांदीची नाणी सोनाराकडे देऊन वितळवून हे घडवून घ्यायचे, बायकांची सगळी शिल्लक अंगावरच असायची, असं त्यांच्या आजीनं सांगितलेलं. 'हसुली' म्हटल्यावर मी म्हटलं आमच्याकडे हसळी म्हणतात, तर त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग मैत्रिणीनं एका वेगळ्या कागदावर सगळी नावं पेन्सिलीनं लिहिली आणि तो कागद कार्डाबरोबर पाकिटात ठेवला. कार्डावर काही लिहिलं नाही.

भिंगाबद्दल राहिलं. बारा डॉलर, खिशात मावतं, ठिपके ओळखायला एकदम पक्कं. पण साठ पटीला एका वेळी नखाएवढाही भाग दिसत नाही, चेहरा बघायला जवाहिऱ्याचं दहा पटीचं वेगळं घ्या. बटणासारखे छोटे सेल लागतात, ते बरोबर आलेले महिनाभरात संपले. आणि वापरताना ते कार्डावर टेकवू नका, दोन मिलिमीटर वर धरा, खालच्या प्लास्टिकच्या कडेनं ओरखडा जातो.